दारची कण्हेर

आषाढ सरत आलाय. एकदा श्रावण लागला की आपल्या हातातली परडी खाली राहत नाही. सोमवारी महादेव, मंगळवारी नव्या नवरीची मंगळागौर, शुक्रवारी जिवती, मग हरतालिका, गणपती, गौरी. पहाटे उठून कुणाच्या कुंपणावरून काय खुडायचं याचा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात तयार असतो. त्या गडबडीच्या आधी फुलझाडांविषयी बोलावं म्हणून आज आलो आहोत.

आम्ही म्हणजे माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बचत गटातल्या बाया. गटाचं लिहिणं-वाचणं आणि बँकेची कामं बघणारी जी आहे, तिचा आवाज तुम्ही ऐकताय. पण काय बोलायचं ते बैठकीत बसून सगळ्यांनी ठरवलंय. कारण यात एक चूक सांगायची आहे आणि ती सगळ्यांची आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीला आम्ही दरवर्षी वाण लुटतो. गाळणी, कंगवा, प्लास्टिकची डबी, असलं काहीतरी. ती डबी चैत्रापर्यंत फुटते आणि उकिरड्यावर जाते. त्या वर्षी बैठकीत एकीनं विषय काढला, यंदा रोप लुटू. सगळ्यांना पटलं. पण रोप कशाचं? आमच्याकडं पाऊस कमी, सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला हा मुलूख. मार्च लागला की हंडा घेऊन फिरायची पाळी येते. गुलाबाला पाणी कोण घालणार? मोगरा विकत घ्यावा लागणार. झेंडू एका हंगामाचा. तेव्हा कण्हेरीचं नाव निघालं. हायवेच्या दुभाजकावर बघा, भर उन्हात गुलाबी, पांढरी, लाल फुलं. कुणी बादलीनं पाणी घालत नाही. फांदी खोचली की लागते. देवाला चालते, पांढरी तर महादेवाला लागतेच. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे शेळ्या-गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणजे कुंपणाचाही खर्च नाही.

जनावर तोंड लावत नाही हा आम्ही गुण धरला. का लावत नाही, हे कुणी विचारलं नाही.

पावसाळ्यात आम्ही वीतभर लांबीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या आणल्या. खालची पानं काढली, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना भोकं पाडून त्यात माती, थोडी वाळू, थोडं शेणखत भरलं आणि फांद्या खोचल्या. ६० लावल्या, ४२ जगल्या. संक्रांतीला हळदीकुंकू लावून ४२ घरांत ती रोपं दिली. फोटो काढले, ते सगळीकडं फिरले. शेजारच्या गावातून फोन आले, आम्हालाही सांगा कसं केलं. आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितलंही.

झाडं भराभर वाढली. दोन वर्षांत डोक्याच्या वर गेली. वाडीत शिरताना दोन्ही बाजूंनी गुलाबी दिसायचं.

गेल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या एका काकूंनी दारची कण्हेर छाटली. पाहुणे येणार, अंगणात जागा हवी, फांद्या वाटेत येत होत्या. छाटलेल्या फांद्या गोठ्याच्या कडेला टाकल्या. पुढं तीन दिवस सणाची धावपळ. गौरी गेल्या, तेव्हा निर्माल्याची पाटी भरली होती. हार, दूर्वा, पत्री, केळीची पानं, आघाडा. आपण सगळ्याच जे करतो तेच त्यांनी केलं. देवाचं निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून निवडून शेळीपुढं टाकलं. वाळत आलेल्या फांद्यांचा पाला त्यातच मिसळला.

शेळी गाभण होती. गटातून १२,००० रुपयांचं कर्ज काढून घेतलेली, पाच हप्ते फेडलेले. संध्याकाळी तिनं चारा सोडला. रात्री तोंडाला लाळ, पोट दुखल्यासारखी ऊठ-बस करायला लागली. डॉक्टरांना फोन झाला, ते आलेही. पण पहाटेला शेळी गेली. डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं. त्यात लांब, चिवट पानांचे तुकडे होते, मधोमध ठळक शीर. त्यांनी अंगणातल्या झाडाकडं बघितलं आणि विचारलं, हे कुणी लावलं?

काकू काही बोलल्या नाहीत. बोलायला आम्ही होतो ना तिथं. आम्हीच दिलं होतं, हळदीकुंकू लावून.

नंतर डॉक्टरांनी जे समजावलं ते आधी सांगतो, कारण तेच आजचं मुख्य बोलणं आहे. कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, बी, सगळं विषारी. ते विष हृदयावर जातं. उभ्या झाडाचा ओला पाला कडू असतो म्हणून जनावर सहसा टाळतं. पण छाटलेला पाला सुकायला लागला, दुसऱ्या चाऱ्यात मिसळला, की जनावराला तो वेगळा काढता येत नाही आणि ते खाऊन टाकतं. सुकल्यावर विष जातं असं आपल्याला वाटतं. जात नाही. वाळलेलं पानही तितकंच वाईट. फांद्या चुलीत घालायच्या नाहीत, धूरही बाधतो. या काडीनं काही ढवळायचं नाही, दात कोरायचे नाहीत. आमच्यातल्या एकीनं कण्हेरीच्या काड्यांवर घेवड्याचा वेल चढवला होता. त्या काड्या काढून घेतल्या, कारण वाळल्यावर त्या हमखास चुलीत गेल्या असत्या.

दोन दिवसांनी बैठक बसली. वाडीच्या टोकाला धनगराची चार घरं आहेत, तिथली एक म्हातारी आजी कधी नव्हे ती बैठकीला आली. म्हणाली, कण्हेर मेंढराला चालत नाही हे आमच्यात पोराटोरांना ठाऊक आहे. कळप घेऊन जाताना वाटेत कण्हेर दिसली तर आम्ही बाजूनं काढतो. आम्ही म्हणालो, आजी, मग तेव्हा सांगितलं का नाही? तर म्हणाली, तुम्ही विचारलं होतं का? तुम्ही वाण दिलं, मी घेतलं, आणि घरी जाऊन ओढ्यात पुरलं.

४२ तला एक हिशेब तेव्हा लागला. आम्ही समजत होतो, आजींचं रोप पाण्यावाचून वाळलं.

आता या गोष्टीत पैशाचंही सांगायला हवं. शेळीचा विमा उतरवलेला नव्हता, कानात बिल्ला नव्हता. कर्ज तर उरलं होतं. गटात दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, जनावर मरतं, त्यात गटाचा काय दोष, नियम सगळ्यांना सारखा. काहींचं म्हणणं, रोप गटानं दिलं, तेव्हा भार गटानं उचलावा. भांडण झालं, अगदी जोरात. शेवटी उरलेलं व्याज माफ केलं, मुद्दल काकूंनी सावकाश फेडायचं ठरलं, आणि एकीनं आपली पाठ अर्धलीनं दिली. म्हणजे सांभाळायचं काकूंनी, होणारी करडं निम्मी निम्मी. हे सगळं न्यायाचं झालं का, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. काकू बैठकीला येतात, पण कितीतरी दिवस सही करून गप्प बसायच्या.

दुसरा वाद झाडांचा. उपटायची का? १८ घरांनी उपटली. बाकीच्यांनी ठेवली. एक मावशी म्हणाल्या, माझ्या सासूनं लावलेली पांढरी कण्हेर चाळीस वर्षं दारात आहे, मी तिला हात लावू देणार नाही, आणि आमच्याकडं एकही जनावर तिच्यानं गेलेलं नाही, कारण सासूनं सांगून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सासूनं झाड दिलं तेव्हा त्याच्याबरोबर त्याची माहितीही दिली होती. आम्ही नुसतं झाड दिलं.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. शंभर पानी, लांब रुंद, हिशेबाची असते तशी. ठरलं असं की वाडीतल्या अंगणात जे जे फुलझाड आहे त्याचं एक पान वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, चिकटपट्टीनं वहीत लावायचं, आणि शेजारी लिहायचं: आपल्याकडं याला काय म्हणतात, पानं फांदीवर कशी येतात, तोडल्यावर चीक येतो का, फळ कसं, फूल कधी, शेळी खाते का, आणि हे कुणी सांगितलं. फुलाचा रंग मुद्दाम शेवटी ठेवला. रंगावर जाऊनच आपण फसतो.

वही घातली तेव्हा वाटलं, काय असतील, दहा-पंधरा झाडं. पण लिहायला बसलो आणि नावांचाच गोंधळ निघाला.

आता चाफाच घ्या. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा. नाव एक, पण कुळं वेगवेगळी. सोनचाफ्याचं पान तोडा, चीक नाही. पांढऱ्या चाफ्याची फांदी मोडा, पांढराशुभ्र चीक ओघळतो, तो डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. हा देवळापुढचा पांढरा चाफा आपला जुनापुराणा वाटतो, पण मूळचा अमेरिका खंडाकडचा. झेंडू आणि गुलबक्षीही तिकडूनच आलेली. आज झेंडूशिवाय दसरा होईल का?

हजारी मोगरा तर मोगराच नाही. फूल गुच्छात येतं, वासही गोड, म्हणून नाव पडलं. पण त्याचं पान चुरगळून बघा, वास नकोसा येतो, आणि जमिनीखालून त्याची पिल्लं फुटत फुटत सगळी परसबाग व्यापतात. एकदा लावला की काढता काढता नाकी नऊ येतात.

आणि जाई-जुई. इथं आमचे पैसे गेलेत, म्हणून जरा थांबून सांगतो. कण्हेरीच्याही आधी, गटातल्या पाच जणींनी गजऱ्यासाठी जुईची रोपं विकत घेतली होती. एका रोपवाटिकेतून, नाव काय घ्यायचं. वर्षभर पाणी घातलं. जुई पावसाळ्याच्या तोंडाला फुलायला हवी, ती फुललीच नाही. फुलली थेट थंडीत, पांढरी, टपोरी चांदण्यांसारखी, आणि वास जवळजवळ नाही. तो कुंद होता. दिसायला सुरेख, पण गजऱ्याला गिऱ्हाईक वासासाठी येतं.

पानं बघितली असती तर रोपं घेतानाच कळलं असतं. कुंदाचं पान साधं, एकटं, अंगाला मऊ लव. मोगऱ्याचंही पान एकटं, पण गुळगुळीत, रुंद, गोलसर. जुईचं पान बघा: मोठं एक पान आणि त्याच्या देठाशी दोन बाजूंना दोन इवली पानं, कान असल्यासारखी. कधी कधी ती इतकी बारीक की नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. आणि जाईचं पान म्हणजे एका काडीवर समोरासमोर सात-नऊ पानांची रांग. जाईची कळी बाहेरून गुलाबी झाक मारते, जुईची पांढरी आणि बारीक. रोप घेताना त्याला कधीच फूल नसतं, पान मात्र असतंच. म्हणून हे पाठ करून ठेवा.

आता पुन्हा त्या दारच्या विषाकडं येतो. कण्हेर कशी ओळखायची? फांदीच्या एका गाठीवर तीन तीन पानं येतात, लांब, अरुंद, जाड, मधली शीर फिकट आणि ठळक. फूल झडल्यावर लांब जोडशेंगा धरतात, त्या उकलल्या की बी कापसाळ निघतं.

पिवळी कण्हेर म्हणून जी ओळखतो ती बिट्टी. ती वेगळी. तिची पानं फांदीवर एकाआड एक येतात, अगदी बारीक आणि चकचकीत. फूल पिवळं, पेल्यासारखं, पूर्ण उमलत नाही. मोडलं की पांढरा चीक. तिचं फळ हिरवं, कोनदार, पिकलं की काळं पडतं, आत कठीण कवचाची बी. आणि हीच बी मुलांच्या खेळण्यात असते. बिट्टीची बी कण्हेरीइतकीच घातक, तीही हृदयावर जाते. आमच्या अंगणवाडीच्या कुंपणाला दोन बिट्ट्या होत्या. ती झाडं काढली, त्यावर मात्र कुणी वाद घातला नाही.

धोतऱ्याचं सगळ्यांना माहीत असतं, काटेरी फळ, लांब कर्ण्यासारखं फूल. तरी सांगतो, बिया भरपूर आणि विषारी. गुलबक्षीचं मात्र कुणाला वाटत नाही. संध्याकाळी चार-साडेचारला उमलणारं ते गरीब झाड, पोरी त्याच्या वेण्या करतात. पण त्याची काळी बी हुबेहूब मिऱ्यासारखी दिसते आणि ती पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. बी आणि मूळ, दोन्ही. भातुकलीत मिरी म्हणून वापरू देऊ नका.

पावसात बांधाला, कुंपणाला एक वेल येतो, फूल पिवळं-लाल, पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या. कळलावी, कुणी खड्यानागही म्हणतं. पानाचं टोक लांब होऊन दोरीसारखं वळतं आणि कशालाही धरून वर चढतं, ही खूण. त्याचा कंद फार विषारी. रंगावर भुलून कुणी परसात आणून लावला तर रताळी काढायच्या जागेजवळ तरी लावू नका, खरं तर लावूच नका. घाणेरीही तशीच, रंगीत गुच्छ, चांगलं कुंपण होतं, पण गुरांना बाधते.

सदाफुलीबद्दल एक सांगायचं राहील. रक्ताच्या कर्करोगावरची काही औषधं या झाडापासून मिळतात, ही गोष्ट खरी. पण त्यावरून बाया सकाळी उठून साखरेसाठी तिची पानं चावायला लागल्या आहेत. कारखान्यात औषध तोलून-मापून काढतात, आपण मूठभर पाला खातो. तो खाऊ नये. दारात लावावी, बारा महिने फुलते, शेळी खात नाही, देवाला वाहावी.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग लावायचं तरी काय? भरपूर आहे. जास्वंद लावा, कोरांटी लावा, अबोली, गोकर्ण, मोगरा, शेवंती, झेंडू. हादगा लावा, त्याच्या फुलांची भाजी होते आणि पाला शेळी मिटक्या मारत खाते. आमच्या वहीत हादग्याच्या पानापुढं काकूंनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: शेळी खाते, आपणही खातो. गप्प झाल्यावर त्यांनी लिहिलेलं ते पहिलंच.

झेंडूचं बी विकत घ्यायची गरज नाही. गेल्या दसऱ्याचा हार वाळवून ठेवला असेल तर त्यातलं काळं, सुईसारखं बी काढा आणि आता, पहिल्या पावसावर, वाफ्यात टाका. तीन-चार आठवड्यांत रोप हाताला येतं. जागेवर लावल्यावर हातभर व्हायच्या आत शेंडा खुडा. जीव खालीवर होतो खुडताना, पण शेंडा खुडला की बाजूनं फांद्या फुटतात आणि फुलं दुप्पट. संकरित झेंडूच्या फुलाचं बी मात्र तशीच फुलं देईल याचा भरवसा नाही. आमच्याकडं गेल्या वर्षी नारिंगी हारातून निम्मा पिवळा निघाला.

शेवंतीची काशी आता लावायची. जुन्या झुडपाच्या बुडाशी जे नवे फुटवे येतात त्या काश्या. मुळासकट अलगद सोडवा. शेवंतीला लहान दिवस लागतात, म्हणून ती दिवाळीच्या आगेमागे कळी धरते. काहीजणी ती रस्त्याच्या दिव्याखाली लावतात आणि तक्रार करतात की नुसताच पाला वाढतो. रात्रभर उजेड असला तर तिला दिवस लहान झालाय हे कळणार कसं? कुंडी उचलून अंधाऱ्या बाजूला ठेवा.

मोगऱ्याला थंडीत पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, फांद्या छाटायच्या, मग खत घालून पाणी सुरू करायचं. मार्चपासून कळ्या. लाड करून बारा महिने पाणी घालणारीच्या मोगऱ्याला फुलं कमी येतात, हे आम्ही पैजेवर सांगतो.

जास्वंदीला पिठ्या ढेकूण येतो, शेंड्याला कापूस चिकटल्यासारखा. दिसला की तो शेंडा तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी झाडावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पाण्याचं म्हणाल तर भांडी विसळलेलं, राखेचं किंवा कमी साबणाचं पाणी आम्ही आडव्या चरातून जास्वंदीला आणि कर्दळीला सोडतो. कर्दळ असं पाणी आवडीनं पिते.

आता निर्माल्य. श्रावण-भाद्रपदात आपल्या घरातून ते रोज निघतं. गणपतीच्या एकवीस पत्रींतच कण्हेर आहे, धोतरा आहे, रुई आहे. देवाला वाहायला आमची ना नाही. पण पूजेनंतर ती पत्री जाते कुठं, हे बघा. आमच्या वाडीत आता असं ठरलंय: निर्माल्य जनावरापुढं टाकायचं नाही, कितीही निवडलेलं असलं तरी. ओढ्यातही नाही, खाली जनावरं पाणी पितात. प्रत्येक आळीला एक खड्डा, हातभर खोल, त्यात निर्माल्य आणि वर शेण-माती. कण्हेरीची छाटणी वेगळ्या खड्ड्यात, त्याच दिवशी, छाटणाऱ्यानंच पुरायची, आणि हात साबणानं धुवायचे. ज्यांच्या दारात कण्हेर आहे त्यांनी खोडाला लाल चिंधी बांधायची. मंगळागौरीच्या पत्रीला पोरी गावभर फिरतात, त्यांना चिंधी दिसली की कळतं.

काही झालंच तर काय करायचं, तेही ऐका. मुलानं यातलं काही खाल्लं असा नुसता संशय जरी आला, तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. दूध, तूप, लिंबू, काही नाही. तोंडातला चोथा बोटानं काढा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं सरळ दवाखान्यात. आणि त्या झाडाची पानाफुलासकट डहाळी पिशवीत घालून बरोबर न्या. किती वाजता, किती खाल्लं ते सांगा. मूल खेळतंय, बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नका, हे विष उशिरानंही जोर करतं. जनावरासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तिथंही तेच, उरलेला पाला दाखवायला ठेवा. आमच्या शेळीच्या वेळी संध्याकाळी तिनं चारा सोडला तेव्हाच फोन केला असता, तर कदाचित. पण सणाचा दिवस होता आणि आम्हाला वाटलं, अपचन असेल.

वहीत आजच्या घडीला ५७ पानं चिकटवून झाली आहेत. धनगराची आजी दर बैठकीला येते आता, चष्मा नसताना पान बोटात धरून, हुंगून सांगते. तिला शाळा नाही, पण आमची निम्मी वही तिच्या नावावर आहे. एकदाच ती चुकली, तेव्हा आठवडाभर आम्हाला चिडवायला विषय मिळाला.

एकाच पानापुढं नाव लिहिलेलं नाही. आमच्यातल्या एकीनं माहेराहून, कोकणातून आणलेलं झुडूप. पानं समोरासमोर, चीक नाही, फूल जांभळट, उन्हं वर आली की मिटतं. आजीनं हुंगलं आणि मान हलवली, म्हणाली, हे आमच्या बाजूचं नव्हे. शेळीचा रकाना रिकामा ठेवलाय. झाड अंगणात नाही लावलेलं, माळवदावर कुंडीत आहे. कोकणातल्या कुणी मैत्रिणी ऐकत असतील तर त्यांनी रेडिओच्या कार्यालयात कळवा, आम्ही त्याचं पान आज इथं ठेवून चाललो आहोत.